खिडक्या, कठडे, डक्ट : आमच्या दोन विंगांच्या प्रकल्प नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

आज महिला मंडळाच्या बैठकीत ठरलं. दोन्ही विंगांत जिथे जिथे दहा वर्षांखालची मुलं आहेत त्या सगळ्या खोल्यांच्या खिडक्या, पॅसेजचा कठडा, गच्ची आणि मधला डक्ट (दोन विंगांमधली पाइपांची पोकळी), एवढं काम आपण हाती घ्यायचं. वही मी सांभाळणार.

पुढे ही वही दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर तिला कळावं म्हणून आधीचं थोडं लिहून ठेवते. आमची इमारत मानखुर्दच्या बाजूची, पुनर्वसनातली. तळमजल्यावर सात मजले, खोली सव्वादोनशे चौरस फुटांची. बहुतेक कुटुंबं रेल्वे रुळांच्या कडेच्या बैठ्या वस्तीतून आलेली. तिथे मूल उंबऱ्यावरून पडलं तर गल्लीत पडायचं, गुडघा फुटायचा, हळद लावली की भागायचं. इथे तेच मूल सातव्या मजल्यावर राहतं. घराचा ताबा मिळाला तेव्हा खिडकीला दोन सरकती तावदानं होती, बाकी काही नाही. ज्यांना जमलं त्यांनी आपापल्या पैशाने ग्रिल बसवलं, ज्यांना नाही जमलं त्यांची खिडकी आजही तशीच आहे.

गणपतीच्या आधी बी विंगमधला तीन वर्षांचा मुलगा दुसऱ्या मजल्यावरून पडला. खाली उभ्या असलेल्या रिक्षाच्या टपावर आपटून मग जमिनीवर आला, म्हणून वाचला. मांडीचं हाड मोडलं. तेव्हापासून पॅसेजमध्ये, नळावर, रेशनच्या रांगेत एकच प्रश्न चालू आहे : "आईचं लक्ष कुठे होतं?" आजच्या बैठकीतही दोघीतिघींनी विचारला. मी म्हटलं, या कामात हा प्रश्न विचारायचा नाही. खिडकी रात्रंदिवस उघडी असते. कुठल्याही बाईचं लक्ष रात्रंदिवस एका ठिकाणी राहत नाही, राहूच शकत नाही. आपण खिडकीचं बघू.

५ नोव्हेंबर, बुधवार

संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. अजून लंगडतो, पण घरभर फिरत होता. आई बोलायला तयार नव्हती, इतके दिवस जो तो तिची उलटतपासणीच घेतोय. मी म्हटलं, "मला काही विचारायचं नाही गं. खिडकी तेवढी बघू दे." मग ती आपणहून उठली.

खिडकीखाली दिवाण. दिवाणावर भिंतीला लावून गाद्या-गोधड्यांची चळत, कारण एवढ्या खोलीत ती दुसरीकडे ठेवणार कुठे. मी टेप लावला. खिडकीचा कट्टा जमिनीपासून तीन फूट, दिवाणापासून दीड, आणि चळतीवर उभं राहिलं तर अर्धा फूटही नाही. तिने हाताने दाखवत सांगितलं : इथे तो चढला, इथे तळवे टेकले, खाली बाबाची रिक्षा दिसली म्हणून वाकला. डोकं बाहेर गेलं आणि मागून पाय वर उचलले गेले.

"पाणी आलं होतं ताई," ती म्हणाली. आमच्याकडे पाणी संध्याकाळी येतं आणि पाऊण तासात जातं. तेवढ्यात पिंप, कळश्या, बादल्या सगळं भरून घ्यावं लागतं. मोरीपासून खिडकी चार पावलांवर आहे. ती घरातच होती, त्याच्याकडे बघत होती, भरलेली कळशी उचलायला वाकली. तेवढंच.

लहान मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. मोठं माणूस कट्ट्यावरून वाकलं तरी त्याचा भार पायांत राहतो. तीन वर्षांचं मूल पोटावर रेललं की निम्म्याहून जास्त भार खिडकीबाहेर जातो आणि मग त्याला स्वतःला मागे ओढता येत नाही. हे एका क्षणात होतं. चार पावलांवरची आई तिथे पोचू शकत नाही.

नोंद : "खिडकीखाली पलंग ठेवू नका" असं सगळीकडे सांगतात. सल्ला बरोबरच आहे. पण या खोलीत एका भिंतीला ओटा आणि मोरी, दुसरीला दार आणि कपाट, तिसरी शेजाऱ्याची सामाईक, तिला कपड्यांची मांडणी. दिवाणाला जागा खिडकीखालीच. आमच्याकडे फर्निचर हलवून प्रश्न सुटणार नाही, खिडकीलाच काहीतरी करावं लागेल.

निघताना ती म्हणाली, "सगळ्यांच्या खिडक्या बघायला जाल तेव्हा मीपण येते."

९ नोव्हेंबर, रविवार

पाहणी सुरू. प्लंबरकडून ड्रेनेजच्या चार इंची पाइपचा वीतभर तुकडा कापून आणला. हा पाइप म्हणायला चार इंची, बाहेरून ११० मिलिमीटर भरतो. ग्रिलच्या दोन सळ्यांमधून तो आरपार गेला तर ग्रिल नापास. टेप लावून आकडे लिहीत बसण्यापेक्षा हे बरं, कारण घरातल्या माणसाला समोर दिसतं आणि वाद होत नाही. मूल फटीतून जातं ते पाय आधी, मग धड, आणि डोकं अडकतं. म्हणजे फट जेमतेम मोठी असली तरी मूल लटकतं. गेल्या जुलैत पुण्यात कात्रजकडे असंच झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांतून चार वर्षांची मुलगी बाहेर गेली आणि अडकून लटकत राहिली. समोरच राहणारा अग्निशमन दलाचा एक जवान त्या दिवशी घरी होता, त्याने धावत जाऊन तिला आत घेतलं. त्या खिडकीला गज होते, हे लक्षात ठेवायचं.

ए विंगचे वरचे चार मजले झाले. काय काय दिसलं :

नुसत्या काचा असलेल्या खोल्या अपेक्षेपेक्षा जास्त. त्यातले बहुतेक भाडेकरू.

नक्षीची ग्रिलं. कमळ, मोर, सूर्य. दिसायला सुंदर, पण मोराच्या पिसाऱ्याखाली पाइप सहज जातो, दोन ठिकाणी तर माझा हात कोपरापर्यंत आत गेला. शिवाय वेलबुट्ट्यांवर पाय ठेवून चढायला उत्तम.

मच्छरदाणीची जाळी. "जाळी आहे ना" असं किमान पाच-सहा घरांत ऐकलं. ती जाळी वेलक्रोवर चिकटवलेली असते. मुलाने अंग टाकलं की जाळीसकट मूल बाहेर. उलट जाळीमुळे मुलाला वाटतं इथे टेकता येतं, आणि आईलाही वाटतं खिडकी बंद आहे. माझ्या मते नुसत्या उघड्या खिडकीपेक्षा ही वाईट.

कबुतरांची नायलॉन जाळी. तीच गोष्ट. भिंतीला बारीक हुकांनी अडकवलेली, उन्हाने कडक झालेली. ती कबुतरासाठी आहे.

बॉक्स ग्रिल. यावर वेगळं लिहिते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

बॉक्स ग्रिल म्हणजे खिडकीबाहेर दीड-दोन फूट पुढे काढलेला पिंजरा. मुंबईत कुठल्याही जुन्या इमारतीकडे मान वर करून बघा, दिसतो. लोक तो का करतात हे मला नीट कळतं. सव्वादोनशे फुटांत दीड फूट वाढीव मिळाले की तिथे कपडे वाळतात, कांदे-बटाटे राहतात, तुळस राहते, ट्रंक राहते. कुणाला तो काढ म्हणायला जीभ रेटत नाही.

पण पाहणीत असं दिसलं की सकाळी ऊन येतं तेव्हा बाळाला त्याच पिंजऱ्यात बसवतात. खालची सळी पावसाच्या पाण्याने, कुंड्यांच्या मातीने गंजते. सहाव्या मजल्यावर एका बॉक्सच्या तळाला मी स्क्रू ड्रायव्हर टोचला तर गंजाचे पापुद्रे पडले. त्यावर सहा कुंड्या, आणि दर सकाळी आठ महिन्यांचं बाळ चटईवर. त्या आजींना मी हात जोडून सांगितलं, बाळाला आजपासून इथे बसवू नका. त्यांनी ऐकलं. त्याच वेळी बाळाची चटई आत घेतली.

ठरवलं : नवीन बॉक्स ग्रिल कुणालाही सुचवायचं नाही. जुने आहेत त्यांचा तळ तपासायचा, आणि आतल्या बाजूने खिडकीला सपाट ग्रिल लावायचं, म्हणजे बॉक्स सामानाला राहील आणि मूल त्यात जाणार नाही. उघडायला एक झडप ठेवली की कुंड्यांना पाणीही घालता येईल.

१६ नोव्हेंबर, रविवार

फॅब्रिकेशनवाले चाचा गोवंडीहून आले. पन्नाशीचे, हात वेल्डिंगच्या ठिणग्यांनी डागाळलेले. त्यांना आधी वाटलं आम्हाला डिझाइन निवडायचं आहे, म्हणून मोबाइलमध्ये फोटो काढून बसले होते. आम्ही सांगितलं, नक्षी नको.

दोन तास खिडकीसमोर उभं राहून जे ठरलं ते असं. दहा एमएम चौकोनी सळी, उभी. सळ्यांमधली मोकळी जागा शंभर मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. आडवी पट्टी खाली नको, कारण आडवी पट्टी म्हणजे मुलाला शिडीची पायरी. पण नुसत्या उभ्या लांब सळ्या हाताने फाकवता येतात, म्हणून चाचांचं म्हणणं पडलं की एक आडवी हवीच. ती कट्ट्यापासून अडीच फुटांवर घेतली. तिथे मुलाचा पाय पोचत नाही. ग्रिल बाहेरून लावायला परांची लागेल, तिचा खर्च ग्रिलपेक्षा जास्त, म्हणून आतून लावायचं. तावदान सरकवायला सळ्यांतून मोठ्या माणसाचा हात जातो, तेवढं पुरे.

आमच्या मापाच्या खिडकीला साधारण पंधरा-सोळा किलो लोखंड. मजुरी, रेड ऑक्साइड (गंज रोखणारा रंग), ऑइल पेंटचे दोन हात धरून दोन हजारांच्या आसपास. एकदम जास्त खिडक्या दिल्या तर किलोमागे कमी करतील.

ज्यांना तेवढेही लगेच शक्य नाहीत त्यांच्यासाठी चाचांच्या भाच्याने एक गोष्ट दाखवली. ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये स्टॉपर स्क्रूने बसवला की तावदान चार इंचांपलीकडे सरकत नाही. शे-दीडशे रुपयांचं काम. हवा थोडी कमी येते. पण उद्याच्या उद्या होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

अग्निशमन केंद्रात जाऊन आले. मनात धाकधूक होती की ग्रिलच लावू नका म्हणतील, कारण आग लागते तेव्हा बंद पिंजऱ्यांमुळे माणसं अडकतात, हे त्यांनी वारंवार पाहिलेलं असतं. अधिकाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, ग्रिल लावा, पण प्रत्येक घरात एका तरी खिडकीच्या ग्रिलला आतून उघडणारा दरवाजा ठेवा. मोठा माणूस निघेल एवढा. आणि कुलूप नको, धुरात किल्ली सापडत नाही.

कुलूप नाही तर मूल उघडेल, ही आमची अडचण. चाचांना फोन केला. त्यांनी सुचवलं : बिजागरीवरचा दरवाजा, त्याला दोन कड्या, एक वर पाच फुटांवर आणि एक बाजूला, दोन्ही एकाच वेळी ओढल्या तर उघडेल. मोठ्याला दोन हात पुरतात. लहान मुलाची उंची आणि हात, दोन्ही पुरत नाहीत. नमुना बनवून दाखवतो म्हणाले.

२३ नोव्हेंबर, रविवार

सोसायटीची सभा. तीन तास.

सेक्रेटरीभाऊंचे मुद्दे : इमारतीचा दर्शनी भाग बिघडेल, प्रत्येकाला परवानगीपत्र द्यावं लागेल, आणि मुख्य म्हणजे "मुलं सांभाळणं हे आईबापांचं काम, सोसायटीचं नाही." भाडेकरूंबद्दल एक सभासद म्हणाले, उद्या जाणाऱ्या माणसासाठी मी दोन हजार का घालू?

दर्शनी भागाचं उत्तर सोपं होतं, ग्रिल आतून आहे. तिसऱ्या मुद्द्यावर मी तयारी करून गेले होते. माझी मुलगी समाजकार्याचं शिकते, तिने सगळं शोधून दिलं होतं.

न्यूयॉर्कमध्ये १९७० च्या सुमारास हेच होत होतं. जुन्या, उंच, गरिबांच्या भाड्याच्या इमारती, उन्हाळ्यात उघड्या खिडक्या, आणि खाली पडणारी मुलं. तिथल्या आरोग्य खात्याने १९७२ मध्ये ब्राँक्स भागात एक काम सुरू केलं. त्याचं नावच होतं 'मुलं उडू शकत नाहीत'. पडलेल्या प्रत्येक मुलाची नोंद व्हायची, परिचारिका घरी जाऊन बघायच्या, आणि लहान मुलं असलेल्या घरांना खिडकीचे गज फुकट द्यायचे. ब्राँक्समध्ये पडण्याच्या घटना निम्म्यावर आल्या. शहरभर १९७३ ते १९७५ या दोन वर्षांत खिडकीतून पडून होणारे मृत्यू पस्तीस टक्क्यांनी घटले. मग १९७६ मध्ये शहराने नियम केला : ज्या घरात दहा वर्षांचं किंवा त्याहून लहान मूल आहे तिथे गज लावून देणं ही घरमालकाची जबाबदारी. त्या दोन वर्षांत तिथल्या आया बदलल्या नव्हत्या, त्यांचं लक्षही वाढलं नव्हतं. खिडक्या बदलल्या.

हेही वाचून दाखवलं : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या अहवालाप्रमाणे २००४ या एका वर्षात जगात वीस वर्षांखालची सुमारे सत्तेचाळीस हजार मुलं पडून दगावली.

सभागृह शांत झालं वगैरे काही नाही. वाद चालूच राहिला. पण भाडेकरूंचा प्रश्न उचलणाऱ्या सभासदांना बी विंगच्या मावशी म्हणाल्या, "तुमचा भाडेकरू जाईल हो, खिडकी तुमचीच राहणार ना? पुढच्यालाही मूल असेल." ते कबूल झाले. शेवटी ठराव झाला : पॅसेज, गच्ची, डक्ट सोसायटीच्या दुरुस्ती निधीतून. खोल्यांची ग्रिलं मालकाने, तो देत नसेल तर भाडेकरूने करून भाड्यातून वळती. ज्यांना एकरकमी जमणार नाही त्यांना बचत गटातून कर्ज, दरमहा दोनशे. सेक्रेटरीभाऊंनी ठरावावर सही करताना आपल्या नातवाच्या खोलीचा नंबर यादीत घालायला सांगितला.

३० नोव्हेंबर, रविवार

पहिली ग्रिलं बसली. आणि पहिलीच अडचण : आमच्या भिंती. खिडकीभोवतीचं प्लास्टर इतकं भुसभुशीत की ड्रिल लावलं की वाळू गळते. चाचांनी अँकर बोल्ट घातला, आवळला आणि तो जागच्या जागी फिरायला लागला. त्यांनी काम थांबवलं. हे त्यांचं मला फार आवडलं, कारण दुसरा असता तर वरून पुट्टी मारून निघून गेला असता आणि वर्षभराने ते ग्रिल मुलासकट हातात आलं असतं.

उपाय : जिथे खांब किंवा बीमचं काँक्रीट मिळतं तिथे अँकर. बाकी बाजूंना आरपार बोल्ट आणि मागून लोखंडी पट्टी, म्हणजे भार एका भोकावर न येता पट्टीभर पसरतो. खिडकीमागे दोनशे रुपये वाढले. सगळ्यांनी मान्य केले.

बसवल्यावर चाचा आणि त्यांचा भाचा दोघांनी ग्रिलला धरून सगळ्या ताकदीने ओढून बघितलं. ही परीक्षा प्रत्येक खिडकीला घरच्यांसमोर व्हायची, मगच वहीत टिक.

८ डिसेंबर, सोमवार

अंगणवाडीत आयांची बैठक. सेविकाताईंनी बोलावलं होतं, गरोदर आणि नुकत्या बाळंत झालेल्याही आल्या होत्या. खिडकीइतकंच, किंबहुना वयाने लहान बाळांच्या बाबतीत खिडकीपेक्षा जास्त, घरातल्या घरात पडणं असतं.

बाळ चौथ्या-पाचव्या महिन्यात पालथं पडायला लागतं. आई म्हणते, "अजून पालथंच पडत नाही," म्हणून दिवाणावर उशा लावून ठेवते, आणि ते पहिल्यांदा पालथं पडतं ते नेमकं तेव्हा. उशीने बाळ अडत नाही. जमिनीवर चटई, त्यावर दुपटं, ही आपली जुनी पद्धत सगळ्यात चांगली. आधी खाली असलेलं बाळ आणखी खाली पडत नाही.

झोळी. साडीची झोळी घराघरात आहे आणि असावीही. पण ती लोंबते किती उंच? पाच-सहा घरांत कमरेइतकी उंच होती, कारण आईला वाकायला नको. खालून जमिनीपासून हातभर ठेवा, खाली गोधडी अंथरा, आढ्याचा हुक आणि गाठ आठवड्याला बघा. बाळ धरून बसायला लागलं की झोळी बंद.

ओटा. स्वयंपाक करताना नजरेसमोर राहावं म्हणून बाळाला ओट्यावर बसवतात. ओट्याची उंची पावणेतीन-तीन फूट, खाली फरशी, शेजारी गॅस. इथे मी थोडी कडक बोलले.

वॉकर. पाहुणे बारशाला आणतात. चाकांवरचं बाळ डोळ्यांदेखत दार ओलांडून पॅसेजमध्ये जातं, आणि आमचा जिना पॅसेजच्या टोकाला उघडा आहे. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरची विक्री, आयात, जाहिरात सगळ्यावर बंदी घातली. वॉकरमुळे चालणं लवकर येतं हा समजही चुकीचा आहे. चार जणींनी वॉकर भंगारात देते म्हणून सांगितलं. एकीने विचारलं, सासूबाईंच्या माहेरून आलाय, काय सांगू? सेविकाताई म्हणाल्या, चाकं काढून टाक, बसायला खुर्ची होईल.

प्रत्येक मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी गुडघ्याच्या वरपर्यंत येणारं छोटं फाटक करायचं, उभ्या सळ्यांचं, दोन्हीकडे उघडणारं. चाचांना माप देणे.

१४ डिसेंबर, रविवार

डक्ट. दोन विंगांच्या मधल्या पोकळीत सगळे ड्रेनेज पाइप, आणि पहिल्या मजल्याच्या पातळीवर फायबरचे पत्रे. पॅसेजच्या खिडकीतून चेंडू त्यावर पडतो, पोरं उतरतात. पत्रा उन्हाने ठिसूळ झालाय, वरून धुळीमुळे भक्कम वाटतो. मुंबईत किती मुलं अशा पत्र्यांतून आरपार गेलीत. पाहणीत सगळ्यात जास्त भीती मला इथे वाटली.

पत्र्याखाली लोखंडी अँगलची चौकट आणि वेल्डमेश, म्हणजे वेल्ड केलेली तारेची जाळी. पॅसेजच्या खिडक्यांना ग्रिल. आणि वॉचमनकाकांकडे लांब बांबूला बांधलेली जाळी, चेंडू काढायला. मुलांना सांगून आले, चेंडू पडला की काकांकडे जायचं, ते ओरडणार नाहीत. काकांनाही सांगून आले.

२१ डिसेंबर, रविवार

बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाई वेळ काढून आल्या. मूल पडलंच तर काय. त्यांनी सांगितलेलं प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरांत लावायचं आहे, म्हणून जसंच्या तसं :

उंचावरून पडलेल्या मुलाला उचलून उभं करू नका, हलवू नका, झटकू नका. मान आणि पाठ आहे तशी राहू द्या. १०८ ला फोन. तोंडात पाणी, साखर, काहीही घालू नका.

दोन वर्षांखालचं मूल तीनेक फूट किंवा त्याहून उंचावरून पडलं असेल तर वरवर ठीक दिसलं तरी डॉक्टरला दाखवायचंच. म्हणजे ओट्यावरून पडलेलंही.

लगेच रुग्णालयात : शुद्ध हरपली, थोडा वेळ का असेना. पुन्हापुन्हा उलटी. आकडी, झटके. नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखं काही. डोळ्यांची एक बाहुली मोठी, एक लहान. बाळाची टाळू फुगलेली. मूल ओळखत नाही, किंवा गळून गेलंय आणि जागं करूनही जागं होत नाही.

"डोक्याला लागलं की झोपू द्यायचं नाही" असं आपल्याकडे म्हणतात, त्याबद्दल एकीने विचारलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, झोपेची वेळ झाली असेल आणि मूल एरवी ठीक असेल तर झोपू दे, पण मधे उठवून बघ, नेहमीसारखं कुरकुरतंय ना.

मग त्या एक बोलल्या ते मी लिहून घेतलं. कित्येक आया मुलाला उशिरा आणतात, कारण पडलं असं सांगितलं की आधी बोलणी बसतात, घरात आणि दवाखान्यातही. "तुम्ही तिला रागावणं बंद केलंत तर ती तासभर आधी येईल." बी विंगची ती आई माझ्या शेजारीच बसली होती.

४ जानेवारी २०२६, रविवार

गच्ची. संक्रांत दहा दिवसांवर, पतंग आत्ताच सुरू झालेत. कठडा बाहेरून बघितला तर पुरेसा उंच. राष्ट्रीय बांधकाम संहितेप्रमाणे गच्चीचा कठडा एक मीटरपेक्षा कमी चालत नाही, आणि बांधताना तो तेवढा होताही. पण गळती थांबवायला मागे ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) केला, त्याने गच्चीची जमीन अर्धा फूट वर आली. कठडा तेवढाच राहिला. आज टेप लावला तर पावणेतीन फूट. शिवाय कठड्याला लागून पाण्याचा पाइप गेलाय, त्यावर पाय ठेवला की दोन फूट. पतंग उडवणाऱ्याची नजर आभाळात असते आणि तो मागे मागे सरकतो.

सेक्रेटरीभाऊंना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतः मोजलं आणि काही बोलले नाहीत. कठड्यावर उभ्या सळ्यांचं रेलिंग घ्यायचं ठरलं, पाइप आतल्या बाजूला वळवायचा. संक्रांतीच्या आत होणार नाही. दाराला कायमचं कुलूप लावता येत नाही, आगीच्या वेळी तोच रस्ता. म्हणून संक्रांतीपर्यंत दारापाशी आळीपाळीने मोठी माणसं. टाकीची शिडी खालचे सहा फूट काढून ठेवली.

१४ जानेवारी, बुधवार

पतंग समोरच्या मोकळ्या प्लॉटवर. तरुण मंडळाच्या मुलांनी सकाळीच खडे-काचा वेचून मैदान साफ केलं, मोठ्यांनी लहानांची फिरकी धरली. नायलॉन मांजा कुणाकडे दिसला की मागून घेत होते, त्यावर बंदी आहेच. गच्चीवर चौथीतली दोन मुलं आली होती, दारावरच्या काकांनी तिळाचे लाडू देऊन खाली पाठवली. दिवस नीट गेला.

१ फेब्रुवारी, रविवार

यादीतल्या बहुतेक खोल्यांची कामं झाली. गच्चीचं रेलिंग झालं, डक्टची मेश झाली, जिन्याची फाटकं सहाव्या मजल्यापर्यंत आली. सातव्याचं माप चुकीचं कापलं गेलंय, चाचा बुधवारी बदलून देतात.

आज बी विंगची ती आई आणि मी मिळून सगळी ग्रिलं परत तपासली. दोन ठिकाणी बोल्ट सैल झालेले, तिथेच आवळले. एका घरात ग्रिलला लागून स्टीलची मांडणी उभी केलीय, वरच्या फळीवरून मूल वरच्या मोकळ्या पट्ट्यापर्यंत पोचू शकतं, मांडणी हलवून घेतली. दोन कड्यांचा दरवाजा प्रत्येक घरातल्या मोठ्यांना एकदा डोळे मिटून उघडायला लावला. म्हाताऱ्या माणसांना वरची कडी जड जाते, तेल घालायचं. पॅसेजच्या कठड्याजवळ चपलांची कपाटं आणि पिंपं पुन्हा जमायला लागलीत. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्या त्या मजल्याची जबाबदारी घेतलेल्या बाईने बघायचं, नावं वहीच्या मागच्या पानावर.

बाकी : तीन मालक बाहेरगावी, पत्राला उत्तर नाही. तिन्ही घरांत भाडेकरू, तिन्ही घरांत पाच वर्षांखालची मुलं. तिथे ट्रॅकचे स्टॉपर काल बसवून घेतले, पैसे मंडळाच्या खात्यातून. ग्रिलची ऑर्डर उद्या देते, मालकांकडून वसुली सोसायटी करेल, सेक्रेटरीभाऊंनी तसं लिहून दिलंय. मे महिन्यात पावसाआधी गंज बघून रेड ऑक्साइडचा एक हात, त्यासाठी घरटी पन्नास रुपये आत्ताच गोळा करायला सुरुवात.